दवापाण्याची तजवीज

प्राथमिक आरोग्य केंद्राची कुळी शोधू जाता पहिला दस्तऐवज सापडतो तो विलायतेतला. लॉर्ड डॉसन यांच्या समितीने मे १९२० मध्ये सादर केलेल्या अहवालात प्राथमिक व दुय्यम आरोग्य केंद्रांची उतरंड प्रथम रेखाटली गेली, आणि महायुद्धाने रित्या केलेल्या खजिन्याकडे पाहून तेथील सरकारने ती दप्तरात बांधून ठेवली. या संस्थेच्या जन्मपत्रिकेत द्रव्याचा ग्रह असा आरंभापासूनच वक्री आहे.

त्याच सुमारास हिंदुस्थानात, १९१९ च्या कायद्यान्वये, दवाखाने व सार्वजनिक आरोग्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या स्वाधीन होऊन ‘सोपीव’ ठरली. अर्थखाते मात्र ‘राखीव’ राहिले. रोग्यांची जबाबदारी एकाच्या शिरावर आणि रकमेची मंजुरी दुसऱ्याच्या हाती, ही द्विदल व्यवस्था प्रांतांतून १९३५ च्या कायद्याने उठली खरी, परंतु तिची खोड कारभारातून गेली असे म्हणवत नाही.

ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व शिरोधार्य मानून सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली जो आराखडा दिला, त्यात दहा ते वीस हजार वस्तीस ७५ खाटांचे केंद्र हे अंतिम उद्दिष्ट होते, आणि तूर्तातूर्त ४० हजारांस एक केंद्र. प्रत्यक्षात १९५२ नंतर सामूहिक विकास योजनेच्या गटागणिक जी केंद्रे उघडली, त्यांत खाटा सहा आणि भोवताली वस्ती साठ हजारांपासून लाखापर्यंत.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून केंद्रे जिल्हा परिषदांकडे आली, तरी वैद्यकीय अधिकारी राज्याच्या सेवेतला आणि बाकीचा बहुतेक नोकरवर्ग परिषदेचा. त्यातच वैद्यक व सार्वजनिक आरोग्याचे लेखाशीर्ष २२१०, तर कुटुंबकल्याणाचे २२११. तापाची गोळी आणि बाळंतिणीची तपासणी एकाच छपराखाली होत असली तरी जमाखर्चात त्यांची घरे निराळी. ही वाटणी कारकुनास सोयीची. रोग्यास तिचा काय उपयोग, ते कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

या पार्श्वभूमीवर २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली एक लहानशी बाब मला मोठ्या योजनांहून मोलाची वाटते: उपकेंद्रास सालिना १० हजार रुपयांचा अबंधित निधी, परिचारिका व सरपंच यांच्या संयुक्त खात्यावर. रक्कम क्षुल्लक, पण गळके छप्पर शाकारण्यास किंवा वजनकाटा दुरुस्त करण्यास वरचा हुकूम येईतो खोळंबावे लागू नये, एवढी मुखत्यारी तिने प्रथमच सुईण-परिचारिकेच्या पदरात घातली.

मोठ्या रकमांची कथा मात्र जुन्याच वळणाने चालली. शासनाचा आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यावा, आणि त्यातला दोन तृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक सेवेस द्यावा, असे २०१७ च्या धोरणाने ठरवले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो खर्च १.८४ टक्के भरला.