विंडमिल हिलचे तुटक खंदक

दक्षिण इंग्लंडमध्ये शेती आणि पशुपालन रुजून तीनेक शतके लोटल्यावर, म्हणजे इ.स.पू. ३७०० च्या सुमारास, तेथील टेकड्यांवर खंदकांनी वेढलेली विस्तीर्ण आवारे उभी राहू लागली. हे खंदक सलग नसत. लांबट खड्डे एकापुढे एक खोदून त्यांच्यामध्ये जमिनीचे पट्टे तसेच राखले जात, आणि निघालेल्या मातीचा बांध आतल्या बाजूस घातला जाई. विल्टशर परगण्यातील विंडमिल हिल हे अशा आवारांचे प्रसिद्ध उदाहरण असून, तेथे अलेक्झांडर कीलर यांनी १९२५ ते १९२९ या काळात उत्खनन केले. एकात एक अशी तीन कडी असलेल्या या आवाराच्या बाहेरील कड्याचा व्यास सुमारे ३६० मीटर भरतो. धातू ठाऊक नसलेल्या त्या लोकांनी खडूचा कठीण थर हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी फोडला.

इतक्या ठिकाणी वाट मोकळी ठेवणारा खंदक शत्रूला अडवण्यासाठी खोदला असेल, हे पटण्याजोगे नाही. क्रिक्ली हिल येथील अशाच एका आवारात गारगोटीची चारशेहून अधिक बाणाग्रे मिळाल्याने काही आवारांवर हल्ले झाले हे निश्चित होते; परंतु विंडमिल हिलच्या खंदकांत आढळलेली गुराढोरांची विपुल हाडे, खापरे आणि अधूनमधून ठेवलेले मानवी अवशेष सामुदायिक भोजनाकडे व विधींकडे निर्देश करतात. कॉर्नवॉलच्या मातीची भांडी आणि उत्तरेकडील डोंगरांतील दगडाच्या कुऱ्हाडी येथे पोचल्या, यावरून या मेळ्यांशी जोडलेले संबंध किती दूरवर पसरले होते, हे कळते.

खंदकाचा प्रत्येक तुकडा एकेका कुळाने किंवा वस्तीने खोदला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सेंद्रिय अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीला संख्याशास्त्राची जोड देऊन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की ही आवारे मोजक्या पिढ्यांतच झपाट्याने पसरली आणि त्यांतील काही तर जेमतेम एका पिढीपुरतीच वापरात राहिली. काही ठिकाणी वापर इतका अल्पकाळ टिकणार असतानाही एवढे श्रम वेचले गेले, यावरून एकत्र येऊन खोदण्यालाच स्वतंत्र मोल होते असे दिसते. विखुरलेल्या शेतकरी कुटुंबांना एका समाजात बांधणे, हेच या खंदकांचे मुख्य कार्य असावे.