एचबीए१सी चाचणी आणि रक्तविकार
एचबीए१सी म्हणजे ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण. ते ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान करता येते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्य केले. मात्र या आकड्यामागे एक गृहीतक आहे : लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. हे आयुष्य बदलले की रक्तातली साखर तीच राहूनही आकडा बदलतो. पेशी लवकर फुटणाऱ्या विकारांत किंवा मोठ्या रक्तस्रावानंतर तो फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत बहुधा थोडा वाढतो. दोन्ही एकत्र असतील तर चूक कोणत्या दिशेची, हेही सांगणे कठीण. सिकलसेलची दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णात या चाचणीचा आधार असलेले हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसतेच, मग मोजायचे काय? सिकलसेल अधिक आढळणाऱ्या गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकी नाही.

पर्याय म्हणजे रक्तातली साखर थेट मोजणे. उपाशीपोटीची साखर रोज हलते आणि नमुना रेंगाळला तर नळीतल्या पेशी ग्लुकोज वापरून टाकतात, हा आक्षेप खरा आहे. पण हे दोष पुन्हा तपासून व रक्तद्रव लगेच वेगळा करून आवरता येतात. लाल पेशींमुळे आलेली चूक पुनर्तपासणीत जशीच्या तशी परतते. म्हणून अशा रुग्णांत उपाशीपोटी १२६ किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हेच निकष धरावेत. रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन चाचणी लाल पेशींवर अवलंबून नाही, परंतु लघवीतून प्रथिने जात असल्यास तिचाही आकडा घसरतो.