प्राध्यापक गोखले आणि कराचा न्याय

कर घेणाराला तिजोरींत किती जमा झालें हें दिसतें. कर देणाराला आपल्या घरांतून काय गेलें हें कळतें. या दोन हिशेबांचा मेळ घालणें हें अर्थशास्त्राचें जुनें काम आहे. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकासमोर हा दुसरा हिशेब ज्यांनीं नेटानें मांडला, त्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें स्थान मोठें आहे. ते कायदेमंडळांत गेले ते कॉलेजच्या वर्गांतून गेले, ही गोष्ट त्यांचा अर्थविचार समजून घेतांना विसरतां येत नाहीं.

१८८५ सालीं गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले आणि पुढील वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. अल्प वेतनावर वीस वर्षें शिकवावयाचें, असा त्या सभासदांचा निर्बंध असे. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें, इंग्रजी शिकविलें, आणि पुढें इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेतले. वर्गाबाहेर न्यायमूर्ति रानडे यांच्या देखरेखीखालीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम त्यांच्याकडे होतें. सरकारी अहवाल वाचावे, कोष्टकें पडताळून पाहावीं, आधारावांचून एकहि विधान करूं नये, ही शिस्त त्यांस तेथें लागली. सोलापूरच्या हायस्कुलांतील विद्वान शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांचाहि अंदाजपत्रकाच्या आंकड्यांबाबत ते सल्ला घेत.

या अभ्यासाचें फळ २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास दिसून आलें. वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावरील त्यांचें तें पहिलें भाषण. सरकारच्या हिशेबांत ओळीनें चार वर्षें शिल्लक उरत होती, आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होता. गोखल्यांनीं ही शिल्लकच अन्यायाचा पुरावा म्हणून पुढें केली. त्यांचा युक्तिवाद असा: रुपयाचा भाव घसरत होता तेव्हां विलायतेस पाठवावयाच्या रकमेसाठीं अधिक रुपये लागत, म्हणून कर वाढविण्यांत आले. १८९३ सालीं टांकसाळी खुल्या नाण्यास बंद झाल्या आणि पुढें रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. सरकारची गरज कमी झाली, पण कर पूर्वीच्याच उंचीवर राहिले. शिवाय महाग झालेला रुपया मिळविण्यास शेतकऱ्याला अधिक धान्य विकावें लागे. कराचा आंकडा न बदलतांहि त्याचें ओझें वाढे. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं रयत पिळून निघाली असतां तिजोरी भरत होती, तें असें. हा अन्याय त्यांच्या मतें दुहेरी होता. लोकांकडून गरजेपेक्षां अधिक घेतलें जाई, आणि त्या वाढाव्यामुळें लोक सुखी आहेत असा समजहि पसरे.

मग सवलत प्रथम कोणास द्यावी? गोखल्यांनीं आरंभींच मिठाकडे बोट दाखविलें. १८८८ सालीं मिठाचा कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता; मीठ तयार करण्यास लागणाऱ्या खर्चाच्या तो कित्येक पट होता. श्रीमंत मनुष्य श्रीमंत आहे म्हणून अधिक मीठ खात नाहीं. अर्थात् हा कर उत्पन्नाशीं उलट्या प्रमाणांत पडतो. दुसरी मागणी प्राप्तीवरील कराची. १८८६ च्या कायद्यान्वयें वर्षास पांचशें रुपये मिळविणाराहि या कराच्या कक्षेंत येई. दरमहा पंचाहत्तर रुपये म्हणजे वर्षाचे नऊशें; असा शिक्षक किंवा कारकून सरकारच्या दृष्टीनें कर देण्याइतका सधन ठरे. ही मर्यादा हजारावर न्यावी, असें गोखल्यांनीं सांगितलें.

पुढील वर्षींच, १९०३ सालीं, मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील कराची मर्यादा हजार रुपये झाली. मिठाचा कर १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. दर उतरला तसा खपहि वाढला. या सर्वांचें श्रेय एका भाषणास देणें इतिहासास धरून होणार नाहीं. शिल्लक हातांत होती म्हणून सरकारला उदार होतां आलें. तथापि त्या शिलकीवर गरिबाचा हक्क पहिला, हें आंकड्यांनीं दाखवून देण्याचें काम गोखल्यांचें होतें.

पैसा सोडून अधिकार सोडण्याची वेळ आली, तेव्हां मात्र अनुभव निराळा आला. लॉर्ड कर्झन यांचें विश्वविद्यालयांचें बिल १९०३ सालीं मांडलें गेलें आणि १९०४ च्या मार्चांत मंजूर झालें. मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांच्या सिनेटमध्यें जास्तींत जास्त शंभर फेलो असावयाचे. त्यांपैकीं पदवीधरांनीं दहा निवडावयाचे, निरनिराळ्या शाखांनीं दहा, आणि बाकीचे बहुतेक सारे कुलपतींनीं नेमावयाचे. अठरा वर्षें शिकवून नुकतेच कॉलेजांतून निवृत्त झालेल्या गोखल्यांनीं या बिलास कसून विरोध केला. शिक्षण सुधारावें, हें त्यांसहि मान्य होतें. परंतु जे खासगी कॉलेजें अल्प वेतनावर चालवितात, त्यांच्यावर सरकारनियुक्त मंडळाची सत्ता बसली तर सुधारणेच्या नांवाखालीं विद्येचें स्वातंत्र्य जाईल, अशी त्यांची भीति होती. त्यांचा युक्तिवाद येथेंहि तितकाच भक्कम होता. पण बिल मंजूर झालें.

या दोन प्रसंगांचा अर्थ एकत्र पाहिला पाहिजे. मिठाचा कर युक्तिवादानें उतरला, पण तो उतरविण्याचा हक्क कर देणाराच्या हातीं आला नाहीं. त्याचा परिणाम गोखल्यांच्या मृत्यूनंतर दिसला. १९१५ सालीं ते गेले; १९१६ सालीं कर सवा रुपया झाला, आणि १९२३ सालीं कायदेमंडळाचा विरोध असतांहि व्हाइसरॉयांनीं आपल्या अधिकारांत तो अडीच रुपयांवर नेला. मोठ्या कष्टानें मिळविलेली सवलत त्या वर्षापुरती एका सहीसरशी नाहींशी झाली. गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें, तेंहि ३८ विरुद्ध १३ मतांनीं १९१२ सालीं फेटाळलें गेलें. खजिन्यांतील पैसा ज्यांचा, त्यांचीं मुलें शिकावीं, ही मागणीहि मताच्या अभावीं मागें पडली.

म्हणून कराच्या न्यायाचे दोन भाग पडतात. ओझें ऐपतीप्रमाणें असावें हा पहिला. आणि तें ठरवितांना, तसेंच त्याचा विनियोग करतांना, देणाराचा शब्द चालावा हा दुसरा. पहिल्यासाठीं अभ्यास लागतो. गोखल्यांनीं तो वर्गांत, ग्रंथालयांत आणि सरकारी अहवालांच्या ढिगाऱ्यांत बसून केला. १९३० सालीं पुण्यांत त्यांच्या नांवानें निघालेल्या अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या संस्थेनें तीच वाट पुढें चालविली. दुसऱ्यासाठीं मात्र अभ्यास पुरत नाहीं, हें त्याच अभ्यासकाच्या चरित्रावरून दिसून येतें.