चोच आणि दुष्काळ

कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोल्ह्याने पसरट ताटात खीर वाढली तेव्हा करकोचा उपाशी राहिला; करकोच्याने ती उभट सुरईत भरली तेव्हा कोल्ह्यावर जिभल्या चाटीत परतण्याची पाळी आली. या गोष्टीतून आपण ‘जशास तसे’ हा धडा घेतला. परंतु तीत दुसरेही एक तात्पर्य आहे. पोट भरणे हे नुसत्या खिरीवर अवलंबून नसते. ती कशात वाढली आहे आणि खाणाराचे तोंड कसे आहे, यावरही ते अवलंबून असते. या दुसऱ्या तात्पर्याविषयी आज बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी मी आपणांस बऱ्हाणपूरच्या लालबागेत नेणार आहे.

बऱ्हाणपूरचे रेल्वे-स्थानक ज्या भागात आहे तोच हा लालबाग. १६१५ साली तबकुतुल अर्ज या इराणी जलतज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारांतून शहराकडे आणले. त्या कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्या या परिसरात आजही पाहावयास मिळतात. पाणी आले की झाडे येतात, आणि झाडांमागून पाखरे येतात.

अशा ठिकाणी सकाळी घटकाभर स्वस्थ बसावे आणि पाखरांच्या केवळ चोची न्याहाळाव्यात. शिंजिराची चोच बारीक व बाकदार असते. फुलाच्या नळीत ती अलगद शिरते आणि मध घेऊन बाहेर येते. पोपटाची चोच आकड्यासारखी. कठीण कवच फोडताना ती अडकित्ता होते आणि फांदीवर चढताना तिसरा पाय. चिमणीची चोच आखूड व जाड, दाणे सोलण्याजोगी. हुदहुद आपल्या लांब चोचीने मातीतले किडे शोधतो, तर पाण्याकाठी बसलेला खंड्या तीच वस्तू खंजिरासारखी वापरतो. ही सारी हत्यारे एकाच द्रव्याची आहेत. आत हलके हाड आणि वरून आपल्या नखांच्या जातीचे आवरण! ते झिजते आणि पुन्हा वाढते. ज्यांना हात नाहीत त्यांचा हात, ज्यांना दात नाहीत त्यांचा दात, तो हा.

ही जुळणी पाहून मन प्रसन्न होते. पण हत्यार कितीही नामी असले तरी ते एका विशिष्ट अन्नासाठी घडलेले असते. ते अन्नच नाहीसे झाले तर काय होते?

या प्रश्नाचे एक उत्तर हजारो कोस दूर, गालापागोस बेटांवर मिळाले. १८३५ साली चार्ल्स डार्विन तेथे गेला होता. त्याने आणलेल्या फिंच पक्ष्यांच्या निरनिराळ्या चोचींनी शास्त्रज्ञांना पुढे फार विचार करावयास लावले. त्या बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून पाखरे पकडून त्यांच्या चोची मोजण्याचे काम आरंभिले. १९७७ साली तेथे पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बी संपले आणि उरले ते मोठे, टणक बी. त्यांत आपल्या शेतकऱ्याच्या पायांत रुतणाऱ्या सराट्याच्या कुळातलेही एक होते. भुईवर चरणारे मध्यम फिंच सुमारे बाराशे होते, ते दोनशेच्याही आत आले. जे तगले त्यांत जाड चोचीची पाखरे अधिक होती, आणि त्यांची पिलेही जाड चोचीची निपजली. सरासरीतला फरक होता अवघा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! पुढे १९८३ साली अतोनात पाऊस झाला, बारीक बी मुबलक झाले आणि लहान चोचीच्या पाखरांना बरे दिवस आले. म्हणजे सर्वकाळ श्रेष्ठ अशी चोच नाहीच. जशी वेळ, तशी चोच.

आता पुन्हा बऱ्हाणपुरास येऊ. १६३० साली गुजरात व दक्षिण या प्रांतांत पाऊस पडला नाही. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्याच वर्षी सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास निघाला; वाटेवर त्याने प्रेतांचा खच पाहिला. याच सुमाराच्या दुष्काळात देहूच्या तुकोबांची ज्येष्ठ पत्नी अन्नावाचून गेली. बादशहा शहाजहान तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरासच मुक्काम करून होता. त्याने लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार दानधर्म केला, अशी नोंद त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने केली आहे. परंतु त्याच बादशहाची प्रचंड छावणीही तेथेच होती, आणि उत्तरेकडून येणाऱ्या धान्यावर पहिला हक्क तिचा होता.

फिंच पक्ष्याचा जीव त्याच्या चोचीच्या जाडीवर ठरला. माणसाचा तसा ठरला नाही. सर्व माणसांची तोंडे सारखीच. जगला तो कोठाराजवळचा आणि मेला तो कोठारापासून दूर असलेला. पाखराच्या दुष्काळात निसर्ग वाढपी असतो. माणसाच्या दुष्काळात वाढपीही माणूसच असतो.

आणि आता तर तो पाखरांचाही वाढपी झाला आहे. गिधाडाची चोच पाहा. मेलेल्या बैलाचे कातडे फाडील अशी बळकट, आणि मागे मान उघडी, की लडबड चिकटू नये. इतरांचा दुष्काळ हा त्याचा सुकाळ. असा पक्षी उपासमारीने संपणे कठीण. परंतु गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसात राहतो आणि त्याने गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर आभाळ रिकामे होत आले होते. १९९२ ते २००७ या अवधीत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. चोचीत काही उणे नव्हते. ताटात विष होते.

चोच हळूहळू बदलते, पिढ्यान् पिढ्या वाट पाहते. विष मात्र एका जेवणात काम करते. म्हणून लालबागेत शिंजीर फुलाशी झुंबताना दिसला की त्याच्या चोचीचे कौतुक जरूर करावे, पण त्याच वेळी त्या फुलावर आपण काय फवारले आहे तेही आठवावे. करकोच्याच्या गोष्टीतली खीर आता आपण वाढीत आहो. ती कशात वाढावयाची आणि तीत काय मिसळावयाचे, याचा जबाब पाखरे मागू शकत नाहीत. तो आपला आपणच दिला पाहिजे.