शरदअखेरचा उबदार काळ

शरदअखेरचा उबदार काळ : उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण व थंड पट्ट्यात पानगळ सरत आल्यावर, बहुधा पहिल्या कडक दंवानंतर, काही दिवस ते काही आठवडे टिकणारी ऋतुमानापेक्षा उबदार हवा. इंग्रजीत 'इंडियन समर' हे नाव रूढ आहे. यातील 'इंडियन' म्हणजे उत्तर अमेरिकेचे मूलनिवासी. भारताशी संबंध नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या क्रेव्हकर या फ्रेंच लेखकाच्या 1778 च्या सुमाराच्या लेखनात हे नाव आढळते. ॲल्बर्ट मॅथ्यूज यांनी 1902 मध्ये 'मंथली वेदर रिव्ह्यू' या नियतकालिकात जुने उल्लेख गोळा करून नावाची छाननी केली, पण ते का पडले याचा निकाल लागलेला नाही.

व्याख्या : अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या परिभाषेनुसार मध्य ते उत्तर शरदात निरभ्र आकाश, उन्हाचे पण धूसर दिवस आणि थंड रात्री असा हा काळ, न्यू इंग्लंडमध्ये त्याआधी पिके मारणारे दंव एकदा तरी पडून गेलेले असावे लागते. ब्रिटिश हवामान खात्याच्या 1916 च्या परिभाषाकोशाने दंवाची अट न घालता ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उबदार, शांत हवा एवढेच म्हटले. स्वीडनमध्ये ऋतूच तारखेने न ठरता तापमानाने ठरतात : दैनिक सरासरी सलग पाच दिवस 0° से. वा त्याखाली गेली की हिवाळा लागला. त्यामुळे तेथे शरद लांबतो, आणि एखाद्या वर्षी देशाच्या दक्षिण टोकाला हिवाळा येतच नाही. हवामानशास्त्राचा शरद सप्टेंबर ते नोव्हेंबर, तर खगोलीय शरद 21 डिसेंबरच्या आसपास संपतो. कोणती गणना धरली आहे हे न पाहता केलेल्या तुलना निरुपयोगी ठरतात.

प्रकार : एकाच नावाखाली दोन वेगळ्या हवा मोडतात. पहिला प्रकार खंडांतर्गत. मोठा प्रत्यावर्त (जास्त दाबाचा प्रदेश) एका जागी ठाण मांडतो, वरची हवा खाली उतरताना तापते व कोरडी होते, वारा पडतो. दिवसा ऊन लागते, रात्री निरभ्र आकाशामुळे जमीन भराभर निवते आणि पहाटे गवतावर दंव दिसते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर पडते. सूर्य जसा खाली जातो तसा हा प्रकार उलटतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मध्य युरोपात त्याच प्रत्यावर्ताखाली तापमानाचे व्युत्क्रमण (खाली थंड, वर उबदार हवा) होऊन दऱ्याखोऱ्यांत दिवसभर धुके साचते. डोंगरमाथ्यावर लोक सदऱ्यावर उन्हात बसलेले आणि खालच्या गावात दिवे लावलेले, असे आल्प्समध्ये नेहमी दिसते. तेथे माथ्यावरील व पायथ्याच्या केंद्रांची सरासरी काढली तर दोन्ही ठिकाणची हवा हरवते.

दुसरा प्रकार सागरी. अझोरेस बेटांच्या बाजूने नैर्ऋत्य वारे उबदार, दमट हवा आणतात. आकाश भरलेले, ऊन जवळपास नाही, पाऊस भरपूर. ऊब येते ती मुख्यतः रात्रींमुळे, कारण ढग जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. ब्रिटन, नेदरलँड्स व पश्चिम नॉर्वे येथील विक्रमी उबदार महिने बहुतांशी याच प्रकारचे आहेत. त्यांना 'समर' म्हणणे नोंदकाराच्या मते ओढूनताणून आहे. प्रदेशांची तुलना करताना मासिक सरासरीबरोबर कमाल व किमान तापमान, ढगाळपणा आणि दंवाचे दिवस वेगळे दिले पाहिजेत. वृत्तपत्री तुलनांत ते क्वचितच असतात.

नोंदमाला : उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची जगातील सर्वांत लांब मासिक माला मध्य इंग्लंडची असून ती 1659 पासून सुरू होते. गॉर्डन मॅन्ली यांनी जुन्या रोजनिशा व विखुरलेली मापने जुळवून ती 1953 व 1974 मध्ये प्रसिद्ध केली. आरंभीच्या दशकांतील आकडे अर्ध्या वा पूर्ण अंशापर्यंतच दिलेले आहेत, कारण त्या काळी तापमापक बिनशेकोटीच्या, उत्तरेकडच्या खोलीत टांगण्याचीही रीत होती. या मालेतील सर्वांत उबदार नोव्हेंबर 1994 चा (10.1° से.), तर सर्वांत उबदार शरद 2006 चा (12.6° से.). डिसेंबर 2015 ची सरासरी सुमारे 9.7° से. भरली, त्याआधीचा डिसेंबरचा उच्चांक 8.1° से. होता. साडेतीन शतकांच्या मालेत उच्चांक एका झटक्यात दीड अंशाने वर जाणे ही असाधारण गोष्ट होय. नेदरलँड्सची माला 1706 पासून, उप्सालाची 1722 पासून, स्टॉकहोमची 1756 पासून आहे.

तुलनेत पायाभूत काळही पाहावा लागतो. 1961–90 च्या सरासरीशी तोललेला नोव्हेंबर जेवढा उबदार दिसतो तेवढा 1991–2020 च्या सरासरीशी दिसत नाही. तापमापकाने तेच दाखवलेले असते, 'नेहमीचे' मात्र सरकलेले असते.

विशेष वर्षे : 2006 चा शरद व त्यानंतरचा हिवाळा हे युरोपात गेल्या 500 वर्षांतील सर्वांत उबदार असावेत, असे ऐतिहासिक कागदपत्रे व मापने यांच्या आधारे मांडले गेले. आल्प्समध्ये डिसेंबरमधील काही स्की-शर्यती बर्फाअभावी रद्द वा अन्यत्र हलवाव्या लागल्या. या ऊबेत वाऱ्यांच्या दिशेचा वाटा किती व जागतिक तापमानवाढीचा किती, यावर मतभेद आहेत.

डिसेंबर 2015 मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांना एकाच वेळी ऊब होती, म्हणून तो तुलनेस सोयीचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क केंद्राची मासिक सरासरी सुमारे 10.4° से. आली, म्हणजे इंग्लंडपेक्षा फारशी वेगळी नाही. परंतु न्यूयॉर्कचा डिसेंबर एरवी इंग्लंडहून थंड असतो. त्यामुळे तेथील वाढ सात अंशांहून अधिक, तर इंग्लंडची पाचच्या आसपास. 24 डिसेंबरला सेंट्रल पार्कात पारा 22° से. पर्यंत चढला. त्या वर्षी प्रबळ एल निनो होता. न्यूयॉर्कच्या ऊबेशी त्याचा संबंध जोडला जातो, इंग्लंडच्या बाबतीत तो तितका सरळ नाही. इंग्लंडला ही ऊब पुरासकट मिळाली : 'डेझमंड' वादळात कंब्रिया परगण्यातील होनिस्टर खिंडीत 5 डिसेंबरला संपलेल्या 24 तासांत 341.4 मिमी. पाऊस पडला. घाटमाथ्यावर जुलैत हा आकडा नवा नाही, ब्रिटनमध्ये तो विक्रम ठरला.

ऊबेनंतरच्या उलथापालथीचे ठळक उदाहरण 11 नोव्हेंबर 1940 चे. मिनेसोटा व आसपासच्या राज्यांत त्या दिवशी सुट्टी होती आणि सकाळी हवा इतकी सौम्य होती की बदकांची शिकार करणारे शेकडो जण साध्या जाकिटांत मिसिसिपीच्या पाणथळ बेटांवर गेले. काही तासांत पाऊस, मग गारांचा मारा, मग हिमवादळ आले. लाटांमुळे बेटांवरून होड्या काढता येईनात आणि भिजलेले कपडे अंगावरच गोठले. कॉलेजव्हिल येथे 26.6 इंच (सुमारे 68 सेंमी.) बर्फ पडले, मिशिगन सरोवरात तीन मालवाहू जहाजे गेली. मृत सुमारे दीडशे; मिनेसोटातील 49 पैकी जवळजवळ निम्मे शिकारी होते. या प्रदेशाचे अंदाज तोवर शिकागोहून दिले जात. या घटनेनंतर मिनेसोटातील कार्यालयाला स्वतःचे अंदाज देण्याचा अधिकार मिळाला व चोवीस तास काम सुरू झाले.

आर्क्टिक : येथे 'काही दिवसांची ऊब' ही कल्पना लागू पडत नाही. समुद्र उशिरा गोठतो, उघडे पाणी उष्णता सोडत राहते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिनेच मुळातून बदलतात. अलास्कातील उट्कियाग्विक (2016 पर्यंतचे बॅरो) येथील 2017 ची मापने अमेरिकेच्या शासकीय संगणकप्रणालीने आपोआप वगळली, कारण ती जुन्या नोंदींशी इतकी विसंगत होती की प्रणालीला यंत्र बिघडल्याचा संशय आला. यंत्र ठीक होते. नोव्हेंबर 2016 मध्ये, समुद्रबर्फ वाढण्याच्या हंगामात, आर्क्टिकचे बर्फक्षेत्र काही दिवस चक्क घटले.

लोकपरंपरा : दक्षिण युरोपात हा काळ 11 नोव्हेंबर या संत मार्टिनच्या दिवसाशी जोडतात, पोर्तुगालमध्ये त्या दिवशी भाजलेले चेस्टनट व नवी वाइन असते. स्वीडनमध्ये ऑक्टोबरचा पहिला आठवडा, रशियात व जर्मनीत सप्टेंबर. (जर्मन नावात 'म्हाताऱ्या बायका' येतात, त्याविरुद्ध केलेला दावा डार्मश्टाटच्या न्यायालयाने 1989 मध्ये फेटाळला.) तुर्कस्तानात नोव्हेंबरच्या आरंभी येणाऱ्या या दिवसांना 'पास्तिरमा'चे नाव आहे : खारवून दाबलेले गोमांस मेथी, लसूण व लाल मिरचीचा लेप देऊन वाळवतात. त्याला माश्या नसलेली थंडी आणि कोरडे ऊन दोन्ही लागतात. म्हणजे हे नाव वर दिलेल्या पहिल्या प्रकाराचे अचूक वर्णन आहे.

ठरावीक तारखांना ऊब येतेच, ही समजूत आकड्यांवर टिकत नाही. स्कॉटलंडचे अलेक्झांडर बुकन यांनी 1860 च्या दशकात वर्षातील सहा थंड व तीन उबदार कालखंड दाखवले. त्यांतील एक थंड कालखंड 6 ते 13 नोव्हेंबर, म्हणजे नेमका संत मार्टिनच्या दिवसावर येतो, आणि एक उबदार कालखंड 3 ते 14 डिसेंबर. ह्यूबर्ट लँब यांनी 1950 मध्ये ब्रिटिश बेटांसाठी तारखांऐवजी हवेच्या प्रकारांची वारंवारता मोजली. ती पद्धत अधिक ग्राह्य आहे.

परिणाम : अशा ऊबेत हिवाळी गहू वाढत राहतो व थंडीला पुरेसा कणखर होत नाही. जर्मनीतील 'आइसव्हाइन' या वाइनसाठी वेलीवरची द्राक्षे −7° से. वा त्याखाली गोठलेल्या अवस्थेत तोडावी लागतात. 2019 च्या हंगामात देशातील एकाही द्राक्षप्रदेशात ते साधले नाही.

पूर्व आशिया : जपानमध्ये नोव्हेंबर ते डिसेंबरच्या आरंभीचे असे दिवस 'कोहारु', म्हणजे छोटा वसंत.

महाराष्ट्रातील 'ऑक्टोबर हीट' याहून निराळी. ती मोसमी पाऊस माघारी गेल्यावर ढग हटून ओल्या जमिनीवर ऊन तापल्याने येते. मुंबईत ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान ऑगस्टपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असते. ती दरवर्षी येते व ऋतुमानाला धरूनच असते, त्यामुळे वरील व्याख्येत बसत नाही.