शाबासकीचा शब्द

परकी भाषा शिकू लागलेला मनुष्य प्रथम भाकर, पाणी, वाट आणि किंमत यांचे शब्द गोळा करतो. दुसऱ्याच्या कर्तबगारीचे कौतुक करण्याचा शब्द तो पुष्कळ उशिरा शिकतो. वस्तुतः दोन अपरिचित माणसांचा खरा स्नेह त्या शब्दापासूनच सुरू होतो.

भिलाईचा इतिहास पाहताना हे विशेष पटते. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानीही नागपूरच होती. तेव्हा मराठी तेथे परकी नव्हती; परकी होती ती रशियन. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. रशियन तंत्रज्ञ, निरनिराळ्या प्रांतांतले अभियंते आणि छत्तीसगडी मजूर एका मैदानावर एकत्र आले. दुभाषे होते; पण धगधगत्या भट्टीपुढे प्रत्येक वेळी दुभाषा कोठून आणावा? तरीही ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

काम साधले म्हणजे रशियन मनुष्य ‘मलाद्येत्स’ म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी तारुण्य आहे. आपला ‘शाबास’ फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘आनंदी राहा’. एक भाषा कुशल माणसात तरुण पाहते, दुसरी त्याला आशीर्वाद देते.

इटालियन भाषेची तऱ्हा आणखी निराळी. तिचा ‘ब्राव्हो’ रंगमंदिरांतून जगभर गेला. परंतु नित्याच्या बोलण्यात इटालियन लोक कर्तबगार माणसाला ‘इन गाम्बा’ म्हणतात. ‘गाम्बा’ म्हणजे पाय. स्त्रीला उद्देशून ‘ब्राव्हो’चे ‘ब्राव्हा’ होते; ‘इन गाम्बा’ मात्र दोघांनाही तसेच लागते. भाव असा की, हे माणूस खंबीर आहे, याच्यावर काम निर्धास्त सोपवावे. मराठी भाषा कौशल्य हातात शोधते. म्हणून आपण ‘हातखंडा’ म्हणतो, ‘हात बसला’ म्हणतो. पण भरवशाची गोष्ट निघाली की आपणही पायांकडेच वळतो, आणि ‘तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला’ असे अभिमानाने सांगतो.

भिलाईची कसोटी नेमकी हीच होती. कारखाना उभा राहणे हे अर्धे यश. तो आपल्या माणसांनी चालविणे हे उरलेले अर्धे. त्याकरिता भारतीय अभियंत्यांना शिक्षणासाठी सोव्हिएत संघात धाडण्यात आले. शिकविणारे परत जावेत आणि भट्टी मात्र विझू नये, हा त्यामागील हेतू. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच लयाला गेला. भिलाईत पोलाद मात्र आजही तयार होते.

शाबासकी देणाऱ्याच्या मनात थोडा गुरूचा अभिमान असतो. ‘इन गाम्बा’ म्हणणारा मात्र समोरच्याला आपल्या बरोबरीने उभा करतो. परदेशी जाणाऱ्याने हा शब्द अवश्य शिकावा. आणि घरी राहणाऱ्याने आपल्या शेजारी राबणाऱ्या माणसाला, आपल्या भाषेत का होईना, तो एकदा तरी ऐकवावा.