पाचव्या गड्याचा खर्च

'हत्यार' हा शब्द आपल्या भाषेत मोठा सोयीचा आहे. शिपायाची तलवार हे हत्यार आणि फिटरचा पाना हेही हत्यारच. कारखान्यातला माणूस 'माझी हत्यारे कुठे गेली?' असे ओरडतो, तेव्हा त्याच्या मनात लढाई नसते, पोट असते. आज ज्या विषयावर बोलावयाचे योजले आहे त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. विषय आहे संगणकावर पाच-पाच गड्यांच्या दोन पक्षांत चालणाऱ्या लढाईचा, आणि त्या लढाईत कोणत्या वीराने दुकानातून कोणता जिन्नस घ्यावा या प्रश्नाच्या इतिहासाचा.

वडीलधाऱ्या मंडळींना हा विषय पोरकट वाटेल. परंतु सोंगट्यांचा आणि बुद्धिबळाचा इतिहास आपण आदराने ऐकतो. तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ जगभर खेळला गेलेला हा डावही ऐकून घ्यावयास हरकत नसावी. माझे म्हणाल, तर मी या विषयाकडे वळलो तो खेळाच्या ओढीने नव्हे. आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी बसणारी तरुण मुले एकदा हमरीतुमरीवर आली. भांडण एवढेच होते, की 'वॉर्डचे पैसे दर वेळी मीच का भरायचे?' वर्गणीची, वाटपाची आणि सामाईक खर्चाची भांडणे मिटविण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. हा प्रश्न माझ्याच धंद्यातला आहे, हे मी तत्काळ ओळखले आणि मुलांना म्हटले, बसा, मला पहिल्यापासून सांगा.

खेळाची मांडणी अशी. मैदानाच्या दोन टोकांना दोन ठाणी. मध्ये तीन वाटा, वाटांवर बुरूज, वाटांच्या मधल्या भागात रान. दोन्ही ठाण्यांतून ठराविक वेळाने शिपायांच्या टोळ्या आपोआप निघतात व वाटेत एकमेकांना भिडतात. प्रत्येक गड्याच्या ताब्यात एक वीर. शत्रूच्या शिपायावर शेवटचा घाव ज्याचा पडेल त्याला सोने मिळते. आधीचे दहा घाव दुसऱ्या कोणी घातले असले तरी त्याला काही नाही. त्या सोन्यातून दुकानात जिन्नस घ्यावयाचे, बलवान व्हावयाचे आणि अखेर शत्रूच्या ठाण्यातील मूळ वास्तू पाडावयाची. मुले या जिन्नसांना 'आयटम' म्हणतात. त्यांत तलवारी आहेत तसे बूट आहेत, जखम भरून काढणारा पाला आहे, घरी परत नेणारा मंत्राचा कागद आहे.

याचे मूळ १९९८ साली निघालेल्या 'स्टारक्राफ्ट' या खेळात सापडते. त्या खेळाबरोबर नवे नकाशे रचण्याची साधने ग्राहकाला मिळत. त्यांतून एका हौशी माणसाने 'इऑन ऑफ स्ट्राइफ' नावाचा नकाशा केला. त्यात वाटा होत्या, टोळ्या होत्या, वीरही होते. पण सामान बाळगण्याची सोय नव्हती. ती आली २००२ सालच्या 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये. ब्लिझार्ड कंपनीच्या या खेळात प्रत्येक वीराला सहा खणांची झोळी होती. सहा खण, सातवा नाही. पुढची सगळी डोकेफोड या सहा खणांतून निघाली आहे.

२००३ साली 'यूल' हे टोपणनाव घेणाऱ्या एका तरुणाने या खेळावर 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', म्हणजे मुलांच्या बोलीत 'डोटा', हा नकाशा बेतला. त्याने हात काढून घेतल्यावर दहा जणांनी दहा आवृत्त्या केल्या. निवडक वीर एकत्र करून 'ऑलस्टार्स' ही आवृत्ती निघाली आणि ती २००४ च्या सुमारास स्टीव्ह फीक, टोपणनाव 'गिन्सू', याच्या हाती आली. या गिन्सूने जी गोष्ट केली तिला मी या इतिहासातली सर्वांत मोठी मानतो. त्याने 'रेसिपी' आणली. लहान जिन्नस घ्या, ते ठराविक रीतीने जुळवा, त्यांतून मोठा जिन्नस तयार होतो. ओग्रचा परशू आणि मिथ्रिलचा हातोडा घ्या, वर कृतीचा कागद विकत घ्या, की जादूटोण्याला दाद न देणारी 'ब्लॅक किंग बार' बनते. नुसत्या कागदालाही पैसे पडतात. सरकारी कचेऱ्यांत ज्यांची चप्पल झिजली आहे त्यांना याचे नवल वाटू नये.

रेसिपीमुळे खेळात बचत आली. तोपर्यंत हाती आलेले सोने खर्चून टाकणे एवढाच व्यवहार होता. आता आज लहान तुकडा घेऊन तग धरावी, की पोटाला चिमटा घेऊन मोठ्या हत्यारासाठी थांबावे, हा संसारी माणसाचा प्रश्न वीरांपुढे उभा राहिला. (याच गिन्सूने खेळात एक अजस्र राक्षस घातला आणि त्याला आपल्या बोलिंगच्या चेंडूचे 'रोशन' हे नाव दिले. इतिहास घडविणारी माणसे अशी गमतीही करतात.) २००५ पासून 'आइसफ्रॉग' या नावाने वावरणाऱ्या माणसाने हा नकाशा सांभाळला. यूल आणि गिन्सू यांची नावे दोन जिन्नसांना चिकटली. सुताराने आपल्या करवतीवर नाव कोरावे, तसा हा प्रकार. त्या काळी त्यांना दुसरे वेतनही नव्हते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. ॲक्स नावाचा एक धिप्पाड वीर आहे. तो आरोळी ठोकतो आणि भोवतालचे शत्रू भान विसरून त्याच्याच अंगावर तुटून पडतात. तेवढ्यात त्याचे सोबती त्यांचा समाचार घेतात. पण आरोळीचा पल्ला तोकडा. हा लाल पहाड समोरून चालत येताना दिसला, की शहाणा शत्रू पळतो. म्हणून ॲक्सला तलवार नको, त्याला 'ब्लिंक डॅगर' हवी. नाव सुरीचे, पण काम सुरीचे नाही. ती वीराला क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. उलट अँटी-मेज हा चपळ लढवय्या जात्याच उड्या मारतो; त्याला ती सुरी म्हणजे बोक्याला शिडी. त्याला हवी 'बॅटल फ्युरी', जिचा घाव एकावर घातला तरी आजूबाजूच्यांनाही लागतो. शिपायांची टोळी एकदम लोळते आणि सोने भराभर जमते. म्हणजे हे हत्यार शत्रू मारण्याआधी पैसा मिळविण्यासाठी घेतले जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला भांडवली माल म्हणतात. रात्रशाळेत मला तो धडा कधी समजला नव्हता, इथे समजला.

तिसरी क्रिस्टल मेडन, बर्फाची जादू करणारी, चालीने फार मंद. तिची सर्वांत मोठी विद्या चालू असताना तिला एका जागी उभे राहावे लागते, आणि कोणी जोराचा धक्का दिला की विद्या मोडते. या बाईला ब्लॅक किंग बारची गरज कोणालाही पटेल. पण ती घेते 'ग्लिमर केप' नावाची स्वस्त शाल, जी पांघरली की थोडा वेळ दिसेनासे होता येते. का? तर तिच्याकडे पैसे नसतात. वीराला काय शोभते एवढे पाहून यादी होत नाही. वीराला काय परवडते हेही पाहावे लागते. आणि काय परवडते हे पाच जणांच्या वाटपावर ठरते.

हे वाटप मुले आकड्यांनी सांगतात. पहिला गडी म्हणजे ज्याला सोने सर्वांत आधी. पाचवा म्हणजे ज्याला उरलेसुरले. कारखान्यातल्या वेतनश्रेणीच म्हणा. शिपाई मरणाच्या टेकीला आला, की पाचव्याने हात आखडता घ्यावयाचा आणि शेवटचा घाव पहिल्याला घालू द्यावयाचा. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. सोने पाच ठिकाणी सारखे विखुरले तर एकाचेही मोठे हत्यार वेळेवर होत नाही आणि पाचही जण मार खातात. संपाच्या फंडातूनसुद्धा सर्वांना सारखे देऊन चालत नाही. ज्या घरी खाणारी तोंडे जास्त तिथे जास्त जाते आणि बाकीचे ते समजून घेतात.

माझी तक्रार पुढची आहे. मैदानावर आपला माणूस जिथे नाही तिथे अंधार असतो. तो घालविण्यासाठी 'वॉर्ड' जमिनीत रोवावयाचे. त्यांच्या उजेडात काही मिनिटे शत्रूची ये-जा पाचही जणांना दिसते. दुसरे, दुकानातून सामान वाहून आणणारे गाढव, ज्याला 'कुरिअर' म्हणतात, तेही सर्वांच्या उपयोगाचे. चाळीच्या जिन्यातल्या दिव्यासारखे हे खर्च. पण वर्षानुवर्षे दंडक असा होता, की वॉर्ड आणि गाढव पाचव्याने आपल्या पैशांतून घ्यावयाचे. ज्याची मिळकत सर्वांत कमी, जिन्यातल्या दिव्याचे बिल त्याच्या माथी! त्याच्या सहा खणांपैकी एकदोन खणही या वॉर्डांनीच अडत. डाव संपताना पहिला गडी सहा उंची हत्यारे मिरवी आणि पाचव्याच्या पायात साधे बूट असत. हरल्यावर शिव्याही पहिल्या त्यालाच, उजेड का नव्हता म्हणून.

या गड्याची किंमत केवढी, ते १९१५ च्या पुस्तकी लढायांत शोधावयास नको. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सिएटल येथे झालेल्या 'द इंटरनॅशनल' या अजिंक्यपद सामन्यात ते दिसले. अंतिम फेरीत एव्हिल जीनियसेस हा अमेरिकन संघ आणि सीडीईसी हा चिनी संघ समोरासमोर होते. चिनी गडी रोशनच्या अरुंद गुहेत एकत्र शिरले. त्याच क्षणी साहील अरोरा या गड्याचा अर्थशेकर हा वीर ब्लिंक डॅगरने त्यांच्यात जाऊन पडला, त्याने जमीन हादरविली, आणि सामना पालटला. विजेत्यांना ६६ लाख डॉलरांवर रक्कम मिळाली. ती उडी आजही मुले पुन्हा पुन्हा पाहतात. पण त्या उडीच्या जोडीने दुरून एक बर्फाचा गोळा गुहेत येऊन फुटला होता, ज्याच्या माऱ्यात सापडलेल्याची जखम भरत नाही आणि पुरता जायबंदी झालेला जागीच संपतो. तो टाकला होता कर्णधार पीटर डेगर याने, आणि वाटपात तो तळाचा, पाचवा गडी होता. उडीला सुरी लागली. बर्फाला काही विकत घ्यावे लागले नाही.

सुधारणा झाल्या, पण हळूहळू. दरम्यान खेळाची घराणी वेगळी झाली होती. गिन्सू रायट या कंपनीत गेला व २००९ साली 'लीग ऑफ लेजंड्स' निघाला. आइसफ्रॉगला व्हॉल्व्ह कंपनीने घेतले आणि २०१३ साली 'डोटा २' रीतसर बाजारात आला. डोटा या नावाच्या मालकीवरून व्हॉल्व्ह व ब्लिझार्ड यांच्यात तंटा लागला तो २०१२ साली तडजोडीने मिटला. हौशी पोरांनी पैशांवाचून उभे केलेल्या नावावर दोन कंपन्यांनी भांडावे, याबद्दल जास्त बोलत नाही. बोलू लागलो तर वेळ पुरणार नाही. लीगने २०१३ च्या नोव्हेंबरात एका माणसाने मैदानात किती वॉर्ड लावावेत यावर मर्यादा घातली आणि प्रत्येकाला टेहळणीचे एक साधन फुकट दिले. उजेड ही सर्वांची जबाबदारी ठरली. डोटा २ मध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात प्रत्येक गड्याला स्वतःचे कुरिअर विनामूल्य मिळाले, आणि त्याच सुमारास साध्या वॉर्डांचे मोलही उठले. हे बदल मोर्चाने झाले नाहीत हे खरे. पण पाचव्याच्या जागी खेळावयास कोणी राजी होत नाही, ही मालकांची अडचण होती. काम नाकारणे हे जुनेच साधन आहे.

एका कंपनीने तर दुकानच बंद केले. ब्लिझार्डने २०१५ च्या जूनमध्ये 'हीरोज ऑफ द स्टॉर्म' काढला. त्यात सोने नाही, जिन्नस नाहीत, शेवटच्या घावाचा मान नाही. अनुभव मिळे तो साऱ्या संघाच्या एकाच खात्यात जमा होई. माझ्यासारख्याला हे वाचून आनंद झाला, हे कबूल करावयास पाहिजे. परंतु २०१८ च्या डिसेंबरात कंपनीने त्यावरची माणसे कमी केली, त्याच्या स्पर्धा बंद केल्या आणि २०२२ मध्ये नवा विकाऊ माल काढणेही थांबविले. खेळणारे सांगतात, की त्यात आपण स्वतः काय कमावले ते दिसत नसे. हे उत्तर मला झोंबले, पण खोटे म्हणवत नाही. कामगाराला सामाईक खाते हवे असते, तसे आपल्या हातचे काम वेगळे ओळखले जावे असेही वाटते.

आपल्याकडे हा खेळ २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत मोठ्या थाटाने आला, वरळीच्या एन. एस. सी. आय. डोममध्ये डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. फोनवर याच जातीचा 'मोबाइल लेजंड्स' खेळणारी मुले पुष्कळ होती. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली त्यात तो गेला. बर्मिंगहॅम येथे २०२२ साली झालेल्या राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारतीय संघाने डोटा २ मध्ये कांस्यपदक मिळविले.

राहिली एक गोष्ट. २०१८ साली व्हँकूव्हरला आणि २०१९ साली शांघायला 'द इंटरनॅशनल' लागोपाठ दोनदा जिंकली ती ओजी या संघाने. त्याचा कर्णधार योहान सुंडश्टाइन हा डेन्मार्कचा तरुण पाचव्याच जागी खेळत असे. त्या विजयांनंतर संगणकीय खेळांत बक्षिसे मिळविणाऱ्यांच्या जागतिक यादीत त्याचे नाव सर्वांत वर गेले. मैदानावर मात्र त्याच्या झोळीत स्वस्त मालच असे. आमच्या कचेरीतला जो मुलगा त्या दिवशी भांडत होता, तो हे मला सांगून लगेच पुढे म्हणाला, 'पण काका, साधा वॉर्ड फुकट झाला. लपलेल्याला दाखवणारा सेंट्री वॉर्ड अजून विकतच घ्यावा लागतो, आणि तो अजून मीच घेतो.'